बेंबीचा भाव

दोन हजार रुपयांत सुई आली, रिंग आली, हातमोजे आले, नंतर धुवायला मिठाच्या पाण्याची बाटली आली, आणि चक्कर आलीच तर चोखायला एक संत्र्याची गोळीसुद्धा आली. एक माणूस तेवढं त्यात नव्हतं. ते ज्याचं त्यानं आणायचं होतं. सांगलीच्या कॉलेज कॉर्नरला, मोबाइलच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, शिवांजलीनं फॉर्म वरपासून भरत आणला. नाव, वय चव्वेचाळीस, साखर नाही, रक्तदाब नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही, काय टोचायचंय तिथं ‘बेंबी’ असं स्वच्छ अक्षरात. आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव, नाते व सही.’ ओळ कोरी होती आणि तिच्या गरजेच्या मानानं फारच लांब होती. एवढ्या जागेत एक अख्खं कुटुंब मावलं असतं.

“एकटीच आलेय,” ती म्हणाली.

टोचणारी राणी जत तालुक्याची होती. तिच्या दंडावर मेंढराचं तोंड गोंदलेलं होतं, आणि ती बोलली की ते मेंढरू मान हलवायचं. “मग न्हाई जमायचं मॅडम. गेल्या महिन्यात एक एकटी आलती. टोचून झालं, हसत उठली, दोन फोटो काढलं, आन् जिन्यात धाडकन. तवापास्नं मालकानं नियमच केलाय. लावा की कुनाला तरी फोन. धा मिंटाचं तर काम हाय.”

शिवांजलीनं फोन काढला, कारण काढायला हवा होता. चारशे बारा नावं होती. त्यांतली पावणेचारशे हळदीची: इरोडची पार्टी, निजामाबादची पार्टी, दिल्लीचे दोघे भाऊ, त्यांतला एक वारल्यावरही नंबर चालू असलेला. उरलेल्यांत गॅसवाला, प्लंबर, डोळ्यांचे डॉक्टर, ‘दूध जुना’ आणि ‘दूध नवा’. तिनं बोट वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर नेलं. राणीनं पंखा तिच्याकडं वळवला. ही मात्र माया होती, आणि माया झाली म्हणूनच तिला तिथं बसवेना. “पुढच्या मंगळवारी येते,” असं म्हणून ती जिना उतरली. आणि उतरताना, काहीही टोचलेलं नसताना, तिनं कठडा घट्ट धरला.

मार्केट यार्डातल्या एका अडतीवर ती एकवीस वर्षं भाव लिहीत होती. सकाळी सौदे सुटले की कोणत्या ढिगाला काय लागलं ते टिपायचं आणि दुपारपर्यंत गावोगावच्या पार्ट्यांना फोनवर सांगायचं. हळदीच्या यार्डात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला कावीळ झाली तर डॉक्टरलाही कळत नाही. तिथल्या एका हमालाला म्हणे कावीळ झाली होती आणि तो बरा झाल्यावर फिका पडला, तेव्हा कुठं घरच्यांना पत्ता लागला. शिवांजलीच्या नखांत, कानांच्या पाळ्यांमागं, पुस्तकांच्या शिवणीत हळद होती. आंघोळीचं पहिलं पाणी रोज पिवळं जायचं, आणि शेवटचा चिमूटभर पिवळेपणा राहायचा तो बेंबीत. तिथून तो करंगळीनं काढावा लागायचा. लग्नासाठी ती पंचवीस-तीस ठिकाणी दाखवून झाली, कुणाला उंच वाटली, कुणाला शिकलेली, एका मध्यस्थाला तर तिला बघायला आलेल्या मुलापेक्षा मुलाचे वडीलच जास्त शोभले असते असं वाटलं आणि तसं त्यानं सांगितलंही. मग स्थळं थांबली, मग स्थळांची चौकशी थांबली, पण हळद मात्र रोज लागत राहिली. यार्डातले म्हातारे अडते तिला हे गमतीनं म्हणायचे. तीही हसायची. हसण्याचं तिला काही वाटत नसे. घरी आल्यावर करंगळी बेंबीत घातली की वाटायचं. घर म्हणजे दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीतून दिसणारी कृष्णेच्या पुलाची अर्धी कमान.

भाव विचारायचा नाद तिला सोनियामुळं लागला. सोनिया ऑफिसातली तेवीस वर्षांची पोर. तिनं एक दिवस चहाच्या खोलीत कुडता वर करून दाखवलं. “बघा मॅडम. दुखलं नाही फार. लावा हात.” शिवांजलीनं बोट लावलं. रिंग गार होती आणि तिच्या भोवतीचं पोट गरम होतं, इतकं गरम, की दुपारभर भाव लिहिताना बोटाचं टोक वेगळं वाटत राहिलं. सोनिया लग्न करून पुण्याला गेली. शिवांजलीनं मग एका रविवारी सहज म्हणून साताऱ्याच्या एका पार्लरला फोन लावला. “बेंबीला काय भाव?” यार्डाच्या सवयीनं ती म्हणाली. पलीकडची बाई आधी हसली, मग गोड आवाजात अठराशे म्हणाली, मग त्वचा नाजूक आहे का, ॲलर्जी आहे का, झोप नीट लागते का असं एकेक विचारत गेली. झोप नीट लागते का हे तिला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर तिनं कराडला विचारलं, इस्लामपूरला विचारलं, कोल्हापुरात तीन ठिकाणी विचारलं. पाचगणीत अडीच हजार होते आणि वर स्ट्रॉबेरीचा पेला फुकट होता. सहा महिन्यांत अशी अवस्था आली की महाबळेश्वरपासून जतपर्यंत बेंबीचा भाव काय चाललाय, चढता की उतरता, हे ती झोपेतून उठून सांगू शकली असती. एका पार्लरवाल्यानं तर शेजारच्या गावात किती घेतात ते तिलाच विचारलं. विचारणं झालं की पुढचे दोन-तीन तास बरे जायचे. पण नुसतं विचारणाऱ्याला बाजारात दुसऱ्या खेपेला कुणी ढिगाजवळ उभं करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि एव्हाना तिला ती रिंग खरोखरच हवी झाली होती. अंगावर जे जे होतं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. दंडावरचे लशीचे दोन वण सरकारचे, कानांची भोकं मामाची, नाकाचं आजीचं, गुडघ्याची खूण भावाची, वीरधवलची, त्यानं लहानपणी ढकललं तेव्हाची. एक काहीतरी आपल्या बोलण्यानं झालेलं असावं, एवढंच. ते कुणाला दिसायला नको होतं.

आणि आता त्याला एक माणूस कमी पडत होतं. मंगळवार यायला सहा दिवस होते. वीरधवल फौजेत, जोधपूरला, बायकापोरांसह. त्याला हे सांगायचं म्हणजे आधी बेंबी हा शब्द भावासमोर उच्चारायचा. राहिली आई, रहिमतपूरच्या शालूबाई.

शालूबाईंच्या अंगठ्याविषयी रहिमतपुरात जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं एका घरात मावायचं नाही. सरकलेली बेंबी जागेवर बसवणं हे त्यांचं काम. ओझं उचललं, पाय घसरला, गाडीनं आदळलं, की माणसाची बेंबी सरकते. पोटात ओढ लागते, अन्न नकोसं होतं, डॉक्टरच्या गोळीला ती दाद देत नाही. मग अनशापोटी शालूबाईंच्या ओट्यावर येऊन उताणं पडायचं. त्या तेलाचा अंगठा बेंबीत ठेवून ठोका कुठं लागतो ते बघायच्या, तो चोळत चोळत मधे आणायच्या, वर नाण्यावर पेटती वात ठेवून पेला पालथा घालायच्या. वात विझली की पेला पोटाला धरून बसायचा. कोरेगावच्या एका ट्रॅक्टरवाल्याची बेंबी बरगडीत जाऊन बसली होती, ती शालूबाईंनी दमदाटी करून खाली आणली. एका पैलवानाची पाठीकडं निघाली होती, ती तारगाव ओलांडायच्या आत धरली. एकदा एसटीचा कंडक्टर गाडी दारात थांबवून, तिकिटाचं यंत्र गळ्यात तसंच ठेवून आडवा झाला, आणि त्याचं होतंय तोवर म्हणून आतले अकरा प्रवासी ओट्यावर ओळीनं निजले. त्यांतल्या सात जणांची खरोखरच सरकलेली निघाली. पैसा घेत नसत. पैसा घेतला की अंगठा बहिरा होतो म्हणत. लेकानं बोलावलं तरी जोधपूरला गेल्या नाहीत, लेकीनं बोलावलं तरी सांगलीला आल्या नाहीत; सकाळी दारात कोण तळमळत येईल आणि कुलूप बघून माघारी जाईल, याचा त्यांना घोर. पंचक्रोशीतल्या एकूण एक पोटाला त्यांचा हात लागला होता, आणि शिवांजलीला आठवत होतं की आपल्याला तो शेवटचा लागला तेव्हा आपण दहा वर्षांच्या होतो. नाक टोचताना आईनं तिचं डोकं दोन गुडघ्यांत धरलं होतं. दुखलेलं आठवत नव्हतं. लुगड्याला येणारा चुलीचा आणि एरंडेलाचा वास, आणि दोन्ही कानांवर गुडघ्यांचा असा दाब, की सोनाराचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू आलं. त्यानंतर ती कधी पडली नाही, आजारी पडली नाही, शहाणी मुलगी निघाली. आणि शहाण्या मुलींच्या बेंब्या सरकत नाहीत.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ती निघाली. भिलवडी, ताकारी, कराड, मसूर. प्रत्येक स्टेशनावर तिनं वाक्य तयार केलं आणि गाडी हलली की ते मागं फलाटावर राहिलं. रहिमतपूरला रिक्षातून उतरली तेव्हा ओटा रिकामा होता. शालूबाई एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना बघून शिवांजलीच्या तोंडून तयार केलेलं एकही वाक्य आलं नाही. निराळंच आलं.

“आई, पोटात दुखतंय.”

“कायतरी खाऊन आलीयास?”

“न्हाई.”

“पड मग.”

चटई, उशी नाही, कुडता वर. आईचा अंगठा आला. तेल कोमट होतं, अंगठ्याचं पेर चरचरीत होतं, आणि तो बेंबीत टेकला तेव्हा शिवांजलीला एकदम कळलं की तिथं खाली काहीतरी उडत असतं, सारखं, इतकी वर्षं उडत होतं. शालूबाईंनी डोळे मिटले. रस्त्यावरून एक दुचाकी गेली, मग एक ट्रॉली गेली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर, ऐकताना होतं तसं, सगळं एका जागी गोळा झालं.

“जाग्यावर हाय,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

“पर दुखतंय.”

“न्हाई दुकत. बरुबर मधी हाय, जरासुदिक हलल्याली न्हाई. चवदा टेसनं वलांडून ल्येकीनं खोटं पोट घिऊन यावं, म्हंजी मामला मोटा हाय. कर्ज काडलंस?”

“न्हाई गं.”

“कुनी बाप्या गाटलाय?”

“आई.”

“गाटायचा हुतास की मग. मी काय म्हनत हुते व्हय?” अंगठा जागचा हलला नव्हता. त्याच्याखाली खोटं बोलणं अवघड होतं. ठोका वाढला की त्यांना आधी कळत होतं. म्हणून शिवांजलीनं छताकडं बघत सांगून टाकलं. पार्लर, सुई, रिंग.

“बेंबीत?”

“बेंबीच्या वरच्या कडेला.”

“कोन बगनार ती?”

“कुनी न्हाई.”

“किती घेत्यात?”

“दोन हजार.”

“दोन हजारात शेळीचं पिल्लू येतंय. वर्साच्या आत घरात दूध आलं आसतं.”

“पैशाचं न्हाई आई. सोबत मानूस लागतंय, सही करायला. येतीस का तू? एक दिवस. मी न्यायला येते, पोचवायला येते.”

अंगठा वर उचलला गेला. जिथं तो होता तिथं गार वारं लागलं. शालूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “वीरधवल झाल्यावर सातारला माजं आपरेशन झालं. बेंबीपशीच चिरलं हुतं. लोकंड लागल्याल्या बेंबीला हात लावायचा न्हाई, आसं ह्ये काम शिकिवताना तुज्या आजीनं घालून दिलंय. मी शेकड्यानं बायका आल्या पावली माघारी लावल्यात. तवापास्नं माजी सरकती, तवा कोन बसवतंय? तुजी आजी पानी तापवून द्यायची आन् भाईर जाऊन बसायची. म्हातारी रडायचीबी. पर हात लावला न्हाई.” मग त्या म्हणाल्या, “तुजीबी टोचली की माज्या हातातनं गेली. ते तुजं तू ठरीव, शानी हायस. पर मी तितं येऊन सही करनार न्हाई. आता आलीयास तर पडून ऱ्हा जरा.” आणि त्यांनी वाटीत पुन्हा बोट बुडवलं आणि जागेवर असलेली बेंबी पाव तास चोळली, गोल, आधी उजवीकडून, मग डावीकडून, काही कारण नसताना. शिवांजलीला रडू आलं नाही. झोप आली. ओट्यावर, उघड्या पोटानं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत, ती तास दीड तास झोपली.

परतीच्या गाडीत ती ठरवूनच बसली होती, की संपलं हे. पण सांगलीच्या घराचं कुलूप काढल्यावर तिनं दिवा लावायच्या आधी पलंगावर पडून स्वतःचा अंगठा बेंबीत घालून पाहिला. काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपला अंगठा आपल्याच पोटाला परका होता. त्याला तिथलं काही ऐकू येत नव्हतं. आईला फोन केला तर ती “बरी हाय, तू?” म्हणायची आणि फोन ठेवायची, कारण फोनवर हात लावता येत नाही आणि हाताशिवाय तिला बोलायचं काय ते कळत नसे. शिवांजलीनं हिशोब असा मांडला, की चौतीस वर्षांतनं एकदा, तेही दुखण्याचं नाव काढल्यावर मिळणारा हात, त्याच्यासाठी आपण ही जागा किती दिवस मोकळी राखायची? आणि आई चौऱ्याहत्तर वर्षांची. अंगठा गेल्यावर ती राखलेली जागा घेऊन बसायचं कुठं? हा हिशोब चुकीचा आहे हे तिला मांडतानाच दिसत होतं, पण यार्डात एकवीस वर्षांत तिनं एक पाहिलं होतं: चुकीचा भाव मोठ्यानं पुकारला की तोच लागतो.

मंगळवारी राणीनं विचारलं, “आलं का कोन?”

“आई आहे. खाली रिक्षात बसलीय. जिना चढवत नाही तिला.”

“मी येते की खाली सही घ्यायला.”

“नको, मीच आणते.”

फॉर्म घेऊन ती खाली आली. रिक्षा उभी होती, तिच्यात आई नव्हती, ड्रायव्हर पाय वर घेऊन शेंगा खात होता. शिवांजलीनं भिंतीला कागद लावला. आई सही शिकली ती वडील गेल्यावर, साताऱ्याला पेन्शनच्या कचेरीत अंगठा लावायची लाज वाटली म्हणून. शिकवली होती शिवांजलीनंच, पाटीवर, पंधरा दिवस. ‘शा’चा काना वाकडा, ‘लू’चं शेपूट लांब, ‘बाई’ वरच्या रेघेतून सुटून खाली घसरलेलं. ते सगळं वाकडं तिनं सरळ हातानं हुबेहूब काढलं. नाते: आई. ड्रायव्हर म्हणाला, “कुठं जायाचं, ताई?” ती कुठं नाही म्हणाली.

वर राणीनं आडवं केलं, गार बोळा फिरवला, वरच्या कडेला शाईचा ठिपका दिला आणि आरसा धरला. “मधी हाय का बगा.” शिवांजली म्हणाली, “मधे आहे.” चिमटा लागला. राणी बोलत राहिली, बहुतेक मुद्दाम. तिचा बा बिराप्पा अजून म्हणतो की मेंढराचे कान आमी फुकट टोचत आलो, आन् ही पोर माणसाचं टोचून पगार घेती. आधी रुसला होता, आता गावात सांगत फिरतो. “आता श्वास आत घ्या. सोडा.” सुई गेली ती एका रेघेसारखी, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना शिवांजली क्षणभर सगळीच्या सगळी होती, कुठंच कमी नव्हती. बेंबीच्या देठापासून ओरडतात म्हणतात. ती ओरडली नाही, तिला फक्त तो देठ कुठून निघतो ते दिसल्यासारखं झालं. मग रिंग, मग मिठाचं पाणी. राणीनं हाताला धरून उठवलं, आणि खिडकीतून खाली डोकावून म्हणाली, “कुटल्या रिक्षात हाईत आज्जी? उपाशी बसल्या असतील, ह्ये द्या त्यांस्नी.” बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा होता. शिवांजलीनं तो नदीच्या घाटावर बसून खाल्ला. चार तिनं खाल्ली, चार आईच्या वाटणीची ठेवली, मग तीही खाल्ली.

पुढचा महिना वाईट गेला नाही. दिवसातून दोनदा तिला कुणाचं तरी करावं लागत होतं. मिठाचं पाणी कोमट करायचं, कापूस भिजवायचा, भोवतालचं वाळलेलं टिपायचं, कपडा घासत नाही ना बघायचं. बारा दिवसांच्या बाळाची बेंबी सांभाळावी तसं. हळद तिथं जाऊ नये म्हणून तिनं पट्टी लावली, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाचा एक रुपयाएवढा तुकडा पिवळा नव्हता. मग एका सोमवारी ऑफिसात वरच्या फळीवरचं नमुन्यांचं पोतं ओढताना ते अंगावर आलं, ती वाकडी वळून त्याला धरायला गेली, आणि आत काहीतरी हललं. संध्याकाळपर्यंत ओढ लागली. दुसऱ्या दिवशी अन्न नको झालं. डॉक्टर गॅस म्हणाले, गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी दुसरे डॉक्टर फोटो काढून काहीच नाही म्हणाले. तिला माहीत होतं काय झालंय. सहाव्या दिवशी तिनं फोन लावला.

“आई, पोटात दुखतंय.”

“ह्या टायमाला खरं दुकतंय,” शालूबाई म्हणाल्या. “अनशापोटी ये.”

गाडीत ती कधी खिडकीपाशी बसली, कधी दाराशी उभी राहिली. कराड गेल्यावर संडासात जाऊन तिनं रिंगेचा मणी फिरवला. निघाला. राणी म्हणाली होती, आत्ता काढली तर चार दिवसांत भोक बुजेल. पण बुजलेलंही भोकच असतं, आणि आईच्या अंगठ्याला ते डोळ्यांआधी दिसलं असतं. गाडी हलत होती, मणी दोन बोटांत होता, पोटात दर चार मिनिटांनी पीळ येत होता. मसूर आलं. तिनं मणी परत बसवला.

शालूबाईंनी या खेपेला सगळं आत मांडून ठेवलं होतं. चटई, तेलाची वाटी, नाणं, पिळलेली वात, पेला. ओट्यावर आलेल्या दोन बायकांना त्यांनी हात हलवून परत पाठवलं, “आज लेक हाय,” म्हणून. शिवांजली निजली. त्यांनी अंगठा तेलात बुडवला, दुसऱ्या हातानं कुडता वर केला, आणि थांबल्या.

“कवा?”

“महिना झाला.”

“सोबत कोन हुतं?”

शिवांजली छताकडं बघत म्हणाली, “तूच. तुझीच सही केली मी.”

शालूबाईंचा अंगठा तिच्या पोटापासून चार बोटं वर होता. तेल पेरावरून खाली आलं, नखाशी थांबलं, आणि एक थेंब सुटून बेंबीच्या शेजारी पडला. तो कोमट होता.

“मग मी काय करत हुते तितं?”

“खाली रिक्षात होतीस. जिना चढवत नव्हता तुला.”

“चडते की मी जिनं,” शालूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. “वाळवनाला रोज माळवदावर जाते. इचार कुनालाबी. आसं कशाला सांगितलंस?”

पीळ आला. शिवांजलीनं चटईची कड धरली. शालूबाईंनी वात नाण्यावरून उचलली, पुन्हा ठेवली. वाटी जवळ ओढली, मग लांब सरकवली. त्यांच्या सासूचं त्यांना काय आठवलं असेल ते त्यांनाच ठाऊक. एकदा त्यांनी दाराबाहेर, जिथं म्हातारी जाऊन बसायची, तिकडंही पाहिलं. पण उठून गेल्या नाहीत. अंगठ्याचं तेल त्यांनी हळूहळू, पेर न् पेर, आपल्याच गुडघ्याला पुसलं आणि तो गुडघा लेकीच्या कुशीला टेकेल इतक्या जवळ सरकून बसल्या.

“दुकतंय?”

“हं.”

“ह्या अंगाला?”

“हं.”

डावीकडं, दोन बोटांवर, कातडीखाली ठोका उडत होता. तो दोघींनाही तिथून स्पष्ट दिसत होता.